सात मीटर डावीकडे

उद्यमनगरात लेथच्या घरघरीत जुळवलेली ही पेटी
आज दस्तगीरमामांच्या सुमोच्या काचेला चिकटली आहे.
वर आकाशात अकरा उपग्रह,
पुढे शेंगदाण्याएवढ्या भिंगाचा कॅमेरा,
आणि मागच्या सीटवर मी. मांडीवर लॅपटॉप,
वहीत तीन रकाने: वेळ, जागा, चूक.

पडद्यावर समोरचाच रस्ता दिसतो, आत्ताचा,
आणि त्यावर आम्ही काढलेला निळा बाण,
डांबरावर ओला रंग ओढावा तसा.
"म्हंजे रस्त्यावरच रस्ता काढलास की गं,"
मामा म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

दसरा चौकात बाण नीट पडला.
बिंदू चौकात कारागृहाच्या भिंतीवर चढला.
मी लिहिलं: ५.४२, सात मीटर डावीकडे.
पापाच्या तिकटीला, दुमजली-तिमजली फटीत,
अकरातले चारच उपग्रह उरले
आणि बाण साडीच्या दुकानात शिरला.
"जाऊ दे त्याला. दोन पातळं घिऊन यील."

गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारा चालू होत्या.
एक म्हैस आडवी आली.
बाण तिच्या पोटावरून वर चढला, पाठीवर मोडला, शेपटाशी वळला.
कॅमेऱ्यानं तिच्याभोवती चौकट आखून लिहिलं: वाहन.
मी लिहिलं: चूक.
"चूक कसली? तिच्यावर बसून
दोन पोरं इंजिनेर झाल्यात त्या घरातली."

मामा पडद्याकडे बघतच नव्हते.
पेटी बोलायच्या आधी ते वळायचे,
वळताना स्वतःशी पुटपुटायचे:
बर्फाचा कारखाना, मग डाव्या अंगाला.
कारखाना मी जन्मायच्या आधी पडला.
पुढे एका जागी त्यांनी गाडी अगदी हळू केली,
तिथला गतिरोधक गेल्या दिवाळीत उखडलाय.
मी मनात म्हटलं, सवय.

मग उजवीकडून एक सायकल आली,
कॅरिअरला वैरणीचा भारा.
पडदा लाल झाला, पेटी किंचाळली,
आणि ब्रेक लागला तो पेटीच्या आवाजानंतर.
नंतर. हे मला ऐकू आलं.
सायकलवाला शिवी देऊन गेला, भारा शाबूत.

शिवाजी पुलाच्या अलीकडे मामांनी गाडी बंद केली.
खाली पंचगंगा, हिवाळ्यातली, अंगानं बारीक.
खांबावर पुराची खूण आमच्या डोक्याच्या वर.
"उजव्यानं दिसत न्हाई. धुरळा बसल्यागत.
सीपीआरात तारीख दिलीया, लगीनसराई उलटू दे म्हटलं."
मी काही बोलले नाही.
"एका डोळ्यानं बघायचं, ऱ्हायलेलं आठवायचं.
तुझी पेटी तरी दुसरं काय करतीया?
वरचं ऐकती, म्होरचं बघती,
मधलं आपलं आपण जुळवती."

आमच्याकडे या जुळवणीवर दीडशे पानं आहेत.
त्यात सायकलवाल्याचं पान कुठलं, ते मी शोधत राहिले.

"एक काम करशील? उजव्या बाजूचं
जरा मोठं काढ. मोठं आणि लवकर."

वहीत आठ ओळी आहेत.
नववीला मी वेळ लिहिली, जागा लिहिली.
पेन तिथंच थांबलं,
शाईचा एक ठिपका पसरत गेला.

मग मी म्हटलं, किल्ली द्या.
त्यांनी लगेच दिली नाही.
आधी आरशाला लटकवलेलं लिंबू सरळ केलं,
सीट मागे-पुढे कशी होते ते दाखवलं,
क्लच कडक आहे हे दोनदा सांगितलं.

परतताना अंधार पडला होता.
मामा डाव्या सीटवर, हात खिडकीबाहेर,
उपग्रह सहा, कधी सात.
जिथे काहीच नाही तिथे ते म्हणाले, "कारखाना."
मी वळले.
निळा बाण
दोन सेकंदांनी आला.